खडकलाटच्या सुलोचनाबाई आणि ‘आई’ नावाचा शिक्का

४ जून २०२३ रोजी मुंबईत सुलोचना लाटकर गेल्या. त्यानंतरच्या आठवड्यात आपल्या सीमाभागातल्या बहुतेक गटांवर आणि पानांवर त्यांच्याविषयी काही ना काही आलं. ‘बेळगावची कन्या’, ‘निपाणीची माहेरवाशीण’, ‘रुपेरी पडद्यावरची आई’ अशी शीर्षकं होती. त्यातली बरीचशी मी जपून ठेवली आहेत आणि आज हा निबंध लिहायला घेतला तेव्हा पुन्हा सगळी वाचून काढली. तक्रार अशी की सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली, पण त्यांच्या कामाविषयी कुणी काही लिहिलं नाही. त्या प्रेमळ होत्या, सोज्वळ होत्या, सात्त्विक होत्या. बरं, असतीलच. पण अभिनेत्री म्हणून काय होत्या? आपण वारसा वारसा म्हणतो, तो जपायचा तर आधी नीट बघायला नको का?

पहिल्यांदा नावाचा घोळ निस्तरतो, कारण त्या आठवड्यात मी तीन वेगवेगळ्या बायकांचे फोटो एकाच मथळ्याखाली पाहिले. सिनेमाच्या इतिहासात तीन सुलोचना आहेत. पहिली मूकपटांच्या काळातली तारका, मूळ नाव रूबी मायर्स, जन्म पुण्याचा, बगदादी ज्यू घराण्यातली. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला तो तिला, १९७३ सालचा. दुसऱ्या सुलोचना चव्हाण, लावणीसम्राज्ञी, माहेरच्या कदम. त्या डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या, म्हणजे आपल्या सुलोचनाबाईंच्या जेमतेम सहा महिने आधी. तिसऱ्या या, लाटकर. यांना पद्मश्री (१९९९) मिळाली, फिल्मफेअरचा जीवनगौरव (२००४) मिळाला, महाराष्ट्र भूषण (२००९) मिळाला. फाळके पुरस्कार मिळाला नाही. तेव्हा ‘फाळके पुरस्कारविजेत्या निपाणीच्या सुलोचना’ असं काही पुढे सरकवायच्या आधी एकदा थांबा.

आता ‘आपल्या’ या शब्दाविषयी. बाईंचा जन्म ३० जुलै १९२८ चा, गाव खडकलाट, तालुका तेव्हाचा चिकोडी, जिल्हा बेळगाव, इलाखा मुंबई. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि घरोघरी माहीत झालेल्या होत्या. त्यामुळे ‘कर्नाटकात जन्मलेली मराठी अभिनेत्री’ असं जे आता सर्रास छापतात ते तांत्रिकदृष्ट्या ठीक, पण ऐकायला कसंसंच होतं. बाई कुठल्याच सीमेपलीकडून आल्या नव्हत्या. सीमा नंतर आली.

पण इथे आपल्या लोंढेकरांनीही जरा बेतानं घ्यावं. सीमाभाग म्हणून आपण सगळे एका यादीत येतो खरे, तरी निपाणीकडचा मुलूख आणि आपला मुलूख यांत फार फरक. आपण सागवानाच्या रानातले, रेल्वेनं वसवलेले. एक फाटा गोव्याकडे, एक मिरजेकडे, एक हुबळीकडे; घरात मराठी, बाजारात कोकणी आणि कानडी, रेल्वे कॉलनीत आणखी चार भाषा. निपाणी-खडकलाट म्हणजे काळीभोर शेती, तंबाखू, आणि चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूर. लोंढ्याच्या माणसाला कोल्हापूर म्हणजे मिरजेला गाडी बदलून जायचं गाव. खडकलाटच्या माणसाला ते बाजाराचं, तालमीचं आणि अंबाबाईचं गाव. हा फरक सुलोचनाबाईंच्या बाबतीत फार मोलाचा आहे, कारण त्या वाढत होत्या तेव्हा कोल्हापूर हे सिनेमाचं गाव होतं. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथे उभारली. बाई वर्षाच्याही नव्हत्या तेव्हा, १ जून १९२९ ला, प्रभात तिथेच सुरू झाली. प्रभात १९३३ साली पुण्याला गेली तरी कोल्हापुरात स्टुडिओ राहिले, माणसं राहिली, आणि आसपासच्या खेड्यांतली पोरं-पोरी तिथे काम मागायला जात राहिली. पुण्या-मुंबईकडे बघून या बाईंचा उगम सापडायचा नाही. तो कोल्हापूरच्या त्या वर्तुळात आहे, आणि ते वर्तुळ खडकलाटपर्यंत पोचत होतं.

सुरुवात मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये, बारीकसारीक कामांनी, १९४३ च्या सुमाराला. वडील गेल्यावर घर चालवायला आलेली एक शिडशिडीत मुलगी त्याच कंपनीत होती, लता मंगेशकर. पुढे विनायकांनी कंपनी मुंबईला नेली आणि बाई भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत आल्या. ‘सुलोचना’ हे नाव भालजींनी दिलं, डोळ्यांवरून. इथपर्यंतची गोष्ट सगळीकडे असते.

तीत एक धागा असतो जो सहसा कौतुकानं सांगून सोडून देतात. तो म्हणजे बोलीचा. खेड्यातून आलेल्या या मुलीचं बोलणं कंपनीत थट्टेचा विषय होतं आणि भालजींनी तिला वाचायला लावून, उच्चार घोटून घेऊन तिची भाषा घडवली, असं सांगितलं जातं. त्यावर आपण म्हणतो, ‘केवढी मेहनत!’ मेहनत खरीच. पण मी सीमाभागातला माणूस, मला तिथे आणखी काहीतरी दिसतं. खडकलाटची बोली म्हणजे कोल्हापुरीला लागून असलेली, कानडीचा हेल मुरलेली मराठी. ती बोलणाऱ्या मुलीला मराठी सिनेमात यायचं तर पहिली अट ही, की तिनं आपली मराठी दाराबाहेर काढून ठेवायची. आपल्यातल्या किती जणांनी पुण्याला शिकायला गेल्यावर हेच केलं! ‘करूलालोय’ म्हटलं की वर्गात खसखस पिकते, मग तीन महिन्यांत माणूस ‘करतोय’ म्हणायला लागतो आणि सुट्टीला घरी आल्यावर आईच्या तोंडाकडे बघत राहतो.

बाईंनी ती अट इतकी पुरी पाळली की त्यांचा पडद्यावरचा आवाज हीच पुढे प्रमाण वाटावी अशी गोष्ट झाली. मऊ, खालच्या पट्टीतला, प्रत्येक अक्षराला जागा देणारा. माझं मत असं की त्यांचा पुढचा सारा अभिनय या आवाजातून आला आहे. शिकलेली भाषा बोलणारा माणूस जपून बोलतो. तो वाक्य घाईनं टाकत नाही. तो जपून बोलण्याचा सूर प्रेक्षकाला सोशिकपणाचा वाटला, घरंदाजपणाचा वाटला, आणि बाईंना भूमिकाही तशाच मिळत गेल्या. हे अनुमान माझं आहे, पटलं तर घ्या. पण त्यांचे सुरुवातीचे नि नंतरचे जे चित्रपट आज पाहता येतात ते डोळे मिटून नुसते ऐकून बघा.

‘जे पाहता येतात’ म्हणालो ते मुद्दाम. गांधीहत्येनंतर १९४८ च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ पेटवला गेला. ‘मीठभाकर’ त्यात जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला आणि १९४९ साली प्रदर्शित केला, त्यात सुलोचनाबाई होत्या. एकच चित्रपट दोनदा करावा लागलेली नटी काय शिकते याचा विचार करा. पहिल्या खेपेला सुचलेलं सगळं राख झालेलं, आणि आता तेच रडू, तेच हसू पुन्हा काढायचं. जयप्रभाच्या जागेवरून कोल्हापुरात २०२२ साली पुन्हा आंदोलन झालं, हे आपण पेपरात वाचलंच. त्या स्टुडिओच्या नशिबी निवांतपणा नाही.

त्यांच्या पहिल्या दशकातल्या ‘सासुरवास’, ‘मीठभाकर’, ‘स्त्री जन्मा ही तुझी कहाणी’ या नावांवरूनच विषय कळतात. सासर, भाकरी, बाईचा जन्म. तरीही तेव्हा त्या नायिका होत्या. हे आज कुणाच्या ध्यानातच येत नाही. माझ्या पिढीनं त्यांना हिंदीतली पांढऱ्या साडीतली आई म्हणून दूरदर्शनवर पाहिलं. त्यामुळे आत्या जेव्हा म्हणायची, ‘आमच्या वेळची हिरोइन की ती!’ तेव्हा आम्ही पोरं हसायचो. आत्या मात्र ठाम. तिनं ‘वहिनीच्या बांगड्या’ तंबूत पाहिला होता आणि त्यानंतर कित्येक दिवस आळीतल्या बायका आपापल्या धाकट्या दिरांशी गोड बोलत होत्या, असं ती सांगायची.

‘वहिनीच्या बांगड्या’ (१९५३) हा चित्रपट शांताराम आठवल्यांचा, कथा य. गो. जोशींची, संगीत सुधीर फडक्यांचं. आई-वेगळ्या धाकट्या दिराला वहिनी आईच्या मायेनं वाढवते. सुलोचनाबाई तेव्हा पंचविशीत. या चित्रपटानं त्या घरातल्या झाल्या, आणि माझ्या मते याच चित्रपटानं त्यांना कोंडूनही ठेवलं. नायिका म्हणून मिळालेलं सर्वांत मोठं यश आईपणाच्या भूमिकेत मिळालं, तेही पंचविसाव्या वर्षी. पुढे निर्मात्यांनी दुसरं काही मागितलंच नाही.

१९६१ साली याच कथेवर हिंदीत ‘भाभी की चूड़ियाँ’ निघाला. संगीत पुन्हा फडक्यांचंच, वहिनी मीनाकुमारी. दोन्ही एकापाठोपाठ पाहावेत असं मी सुचवीन. मीनाकुमारी मोठीच नटी, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्या वहिनीत पहिल्यापासून दुःखाची चाहूल आहे. ती हसते तेव्हाही आपल्याला कळतं की हिचं काही खरं नाही. सुलोचनाबाईंची वहिनी कामात असते. घरात वावरताना तिचं लक्ष प्रेक्षकाकडे नसतं, दुःखाकडेही नसतं, पोराकडे असतं. माया दाखवायची म्हणून त्या काही वेगळं करत नाहीत. मला वाटतं, हे गावाकडून आलेलं आहे. भाषा बदलता आली, पण घरकाम करतानाचं अंग बदलत नाही. आपल्याकडच्या बायका माया बोलून दाखवत नाहीत, ताटात वाढतात.

आणि इथे एक गंमत बघा. १९६१ साली हिंदीत वहिनी व्हायला मीनाकुमारी मिळाली, पण मूळ वहिनी त्याच हिंदीत दोन वर्षं आधीच नायक-नायिकांची आई झालेली होती. १९५९ चा ‘दिल देके देखो’. त्यात शम्मी कपूरची आई सुलोचनाबाई. शम्मी १९३१ चा, बाई १९२८ च्या. तीन वर्षांचं अंतर. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये तर देव आनंद आणि प्राण या दोघांच्या त्या आई. देव आनंद त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, प्राण आठ वर्षांनी! बेचाळिशीची आई, सत्तेचाळीस आणि पन्नाशीची लेकरं. याला आपण हसतो, पण यातला हिशेब क्रूर आहे. नायकाचं वय थांबवायचं असेल तर कुणाचं तरी वय पुढे ढकलावं लागतं. ते त्या धंद्यानं मराठीतून आलेल्या, तक्रार न करणाऱ्या बाईचं ढकललं. हिंदीत अडीचशेच्या आसपास आणि मराठीत पन्नासच्या आसपास चित्रपट, असा आकडा सगळीकडे छापला जातो. लोक तो अभिमानानं सांगतात. मला त्यात पाचास एक असं दिवसांचं वाटप दिसतं. ‘मजबूर’मधली अमिताभची आई, ‘कटी पतंग’मधली सासू, आणि अशा कितीतरी. कामात खोट नाही, पण भूमिकेत मजकूर किती? दारात उभं राहायचं, पोराला जवळ घ्यायचं, देवापुढे हात जोडायचे. बाईंची ताकद तिथे निम्मीही खर्ची पडत नाही.

अपवाद एकच, आणि तो फार मोठा. बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ (१९५९). या चित्रपटातल्या कामावरून त्यांची किंमत ठरवायला हवी होती, आणि श्रद्धांजल्यांमध्ये याचं नाव मी फक्त यादीत पाहिलं.

कथा आपल्याला माहीत असते. इंजिनिअर उपेन बाबूंच्या घरी अस्पृश्य मजुराची पोरकी झालेली तान्ही मुलगी येते. तात्पुरती म्हणून आलेली पोर तिथेच वाढते. त्यांची स्वतःची मुलगी रमा आणि ही सुजाता. उपेनची बायको चारू, म्हणजे सुलोचनाबाई. चारू दुष्ट नाही. ती सुजाताला खाऊपिऊ घालते, कपडालत्ता करते, तिच्यावर तिचा जीवही आहे. पण कुणी विचारलं की ही कोण, तर चारू सांगते, मुलीसारखी. मुलगी म्हणत नाही. त्या ‘सारखी’वर सगळा चित्रपट उभा आहे.

विचार करा, ही भूमिका कुणाला दिली? जिला मराठी मुलूख ‘वहिनी’ म्हणून ओवाळत होता तिला. खलनायकी चेहऱ्याची नटी घेतली असती तर प्रेक्षक सुटला असता. त्यानं तिचा राग केला असता आणि आपण तसे नाही म्हणून घरी गेला असता. सुलोचनाबाईंचा राग येत नाही, हीच तर पंचाईत. इतकी चांगली, इतकी मऊ बाई, आणि तरी तिच्या तोंडून ‘माझी मुलगी’ एवढे दोन शब्द निघत नाहीत. जात ही दुष्ट माणसांच्या नव्हे, भल्या माणसांच्या घरातही कशी बसलेली असते, हे त्या कामातून जेवढं कळतं तेवढं भाषणांतून कळत नाही. शेवटी जिन्यावरून पडल्यावर चारूला रक्त लागतं आणि ते फक्त सुजाताचं जुळतं, हा योगायोग जरा सोयीचा आहे असं मला नेहमी वाटतं. शिवलेलं चालत नाही आणि रक्त चालतं, हा मुद्दा ठीक, पण अस्पृश्य मुलीनं आपली किंमत रक्त देऊन सिद्ध करावी का, हा प्रश्न उरतोच. त्या शेवटाला सावरलंय ते बाईंनी. कळल्यानंतरचा त्यांचा चेहरा उपकारानं भरलेला नाही, ओशाळलेला आहे.

आणखी एक गोष्ट सीमाभागातल्या वाचकाला सांगायला आवडेल. बंगाली दिग्दर्शक, बंगाली कथा, हिंदी भाषा. पण त्या घरातल्या बायका पाहा. नूतन, शोभना समर्थांची मुलगी. शशिकला, सोलापूरच्या. आत्याच्या भूमिकेत ललिता पवार. आणि सुलोचनाबाई. चौघीही मराठी. शिवाशिवीवरचा हिंदीतला गाजलेला चित्रपट घरातल्या घरात चार मराठी बायकांनी पेलला. (नूतनची जन्मतारीखही ४ जूनच. त्याचा काही अर्थ नाही, पण दरवर्षी आठवतं.)

‘सुजाता’नंतर हिंदीनं त्यांच्यातली ती अवघड आई पुन्हा कधी मागितली नाही, सोपी आई मागत राहिले. मराठीत मात्र साठच्या दशकात त्यांना बरं काम मिळालं. ‘प्रपंच’ (१९६१) ही कुंभाराच्या घरची गोष्ट, सोबत शाहीर अमर शेख. गरिबीत पोरांमागून पोरं होणाऱ्या घरातली बाई त्यांनी केली, आणि तिचा थकवा खरा वाटतो. ‘मोलकरीण’ (१९६३) मधली आई आपल्याच मुलाच्या घरी धुणीभांडी करते. कथा डोळ्यांना पदर लावायला लावणारी, त्यात शंका नाही, काही ठिकाणी फारच. ‘एकटी’ (१९६८) मध्ये मुलगा परदेशी निघून जातो आणि आई मागे राहते. हा चित्रपट आज पाहताना मला चुकचुकल्यासारखं झालं, कारण आपल्या लोंढ्यात, खानापुरात अशी घरं आता गल्लीगल्लीत आहेत. पोरं बेंगळुरात, पुण्यात, आखातात, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टावर लंडनच्या बाजूला. तेव्हा ही अपवादाची कथा होती.

या सगळ्यांपेक्षा वेगळी उभी आहे ती ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) मधली जिजाबाई. भालजींचाच चित्रपट, संगीत ‘आनंदघन’ यांचं, म्हणजे लताबाईंचं. प्रफुल्ल पिक्चर्समधल्या त्या दोन पोरी वीस वर्षांनी अशा एकत्र आल्या. ही आई सोसत नाही. ती पोराला राज्य करायला शिकवते. बाईंचा तोच खालच्या पट्टीतला आवाज इथे हुकमासारखा लागतो, आणि मनात येतं की अशा भूमिका आणखी चार-सहा मिळाल्या असत्या तर? आवाज न चढवता अधिकार कसा गाजवायचा हे त्यांना येत होतं. मराठी सिनेमानं ते गडावर नेऊन एकदा वापरलं आणि परत त्यांना चुलीपाशी आणून बसवलं.

आता थोडं आडवळण घेतो, पण विषय सोडून जात नाही. खडकलाट-निपाणीच्या बाईवर आणखी एक चित्रपट आहे, आणि तो आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिलाय. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’, साल १९८२. युगांतर या बेंगळुरूच्या बायकांच्या चित्रपट-गटानं निपाणीच्या तंबाखू कारखान्यांतल्या कामगार बायकांबरोबर केलेला छोटा माहितीपट; दीपा धनराज त्या गटातल्या. त्यात नटी कुणी नाही. तंबाखूच्या धुरळ्यात नाकातोंडाला फडकी बांधून काम करणाऱ्या बायका आहेत, आणि त्या संघटना कशी केली ते सांगतात.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा आधी कान टवकारले. ही ती बोली! जी कोल्हापूरच्या स्टुडिओत घोटून घोटून घालवली गेली ती इथे भांडत होती, हसत होती, मालकाचा हिशेब काढत होती. त्या वेळी सुलोचनाबाई चोपन्नाच्या घरात, हिंदीत कुणाच्या तरी आई. त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याच पंचक्रोशीतल्या काही बायका त्या कारखान्यांत असणारच. एका मातीतून बाईची दोन रूपं पडद्यावर गेली. एक लाखोंनी पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला. दुसरं मूठभरांनी पाहिलं. बाईंना दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. तीस-चाळीस वर्षं कष्ट करून पोट भरणारी बाई ही सुद्धा कामगारच. पण आपण ‘निपाणीची माहेरवाशीण’ म्हणून त्यांचा फोटो लावणार असू, तर त्याच निपाणीचा हा दुसरा चित्रपट शेजारी लावायला हवा. ‘सोशिक’ हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. त्या माहितीपटातल्या बायका सोसून झाल्यावर काय करायचं तेही सांगतात.

उतारवयात सुलोचनाबाई स्वतःच पडद्यावरचं पात्र झाल्या. त्यांच्या कन्या कांचन घाणेकर यांचं ‘नाथ हा माझा’ हे पुस्तक आणि नंतर २०१८ चा ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’. त्यात सुलोचनाबाई झाल्या सोनाली कुलकर्णी. तो चित्रपट काशिनाथांचा, त्यामुळे बाईंना त्यात मर्यादित जागा. तरी मला एक गोष्ट आवडली, की तिथे त्या कुणाच्याही हाकेला ओ देणारी आई नाहीत. मुलीच्या बाबतीत काळजीनं नाही म्हणणारी, आपलं नाव आणि घर स्वतःच्या हिमतीवर उभं केलेली बाई आहे. ज्यांना पडद्यावर आयुष्यभर ‘हो’ म्हणायला लावलं, त्यांच्या वाट्याला दुसऱ्या नटीच्या तोंडून का होईना, ‘नाही’ आलं.

दूरदर्शनविषयी दोन शब्द, कारण आपल्यातल्या पन्नाशीपुढच्यांची त्यांच्याशी ओळख तिथूनच झाली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आपल्याकडे चित्र पोचायला बरीच वर्षं गेली, आणि पोचलं तेही ॲन्टेना फिरवत, मुंग्यांमधून. तिथे जुने चित्रपट यायचे ते कुठलेही, कसेही. एका आठवड्यात पंचविशीतली वहिनी, पुढच्या आठवड्यात पन्नाशीची आई, मग पुन्हा तिशीतली. कालक्रमच नाही. त्यामुळे बाईंचा प्रवास कधी डोळ्यांपुढे उभा राहिला नाही, एकच न बदलणारी मूर्ती तेवढी राहिली. आता फोनवर तुकडे दिसतात, तेही बहुतेक गाण्यांचे, आणि गाण्यांत आई सहसा बाजूला उभी असते.

म्हणून मंडळाच्या पुढच्या दोन बैठकांत आपण त्यांचे चित्रपट सालवार पाहायचं ठरवलं आहे. ‘वहिनीच्या बांगड्या’, ‘सुजाता’, ‘प्रपंच’, ‘मराठा तितुका मेळवावा’ या क्रमानं, आणि शेवटी निपाणीचा तो माहितीपट. ज्यांच्या घरी जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका असतील त्यांनी घेऊन याव्यात. त्या थेटरात नाहीतर तंबूबाहेर विकल्या जात, आणि पुष्कळांच्या मागच्या पानावर घेणाऱ्यानं गावाचं नाव, तारीख, कधी सोबत कोण होतं तेही पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. आत्याच्या पेटीत मला अशी एक मिळाली. कव्हर फाटलेलं आहे, पण आत ‘सुलोचना’ या नावाखाली कुणीतरी निळ्या शाईनं ‘आमच्याकडची’ असं लिहून ठेवलंय. अक्षर आत्याचं नाही. ज्यांना ओळखता येईल त्यांनी बैठकीला जरूर यावं.